रानोबाची झील

दिवाळी मंगळवारी होती, पण सेंदाईच्या मराठी मंडळींनी ती पुढच्या रविवारी साजरी केली. मंगळवारी जपानात सुट्टी कोण देणार? नागरिक केंद्रातला एक हॉल चार तासांसाठी मिळाला होता. दाराशी बुटांची रांग, आत लांब टेबलांवर चकल्या, शंकरपाळे, कुणीतरी मोठ्या पातेल्यात आणलेला पुलाव, आणि कोपऱ्यात कचऱ्याचे चार डबे, प्रत्येकावर जपानीत चिठ्ठी. भानुदास त्या डब्यांपाशी रिकामी ताटली हातात धरून बराच वेळ उभे होते. कोणत्या डब्यात टाकायची ते कळेना, आणि विचारायला जीभ रेटेना.

"काका, जळणाऱ्या कचऱ्यात. द्या इकडे," एक मुलगी म्हणाली आणि तिने ताटली घेतली. "तुम्ही सारंगचे बाबा ना? मी अश्लेषा. इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करते."

"हो का. बरं बरं," भानुदास म्हणाले.

"पुण्याला काय करता?"

"आता काही नाही. पिंपरीत फिटर होतो कारखान्यात. रिटायर झालो, त्याला झाली की तेरा वर्षं." मुलगी अजून उभीच आहे हे पाहून त्यांनी आणखी थोडं सांगितलं. "वर्षातून एकदा गावाला जायचो. जत्रेत झील धरायला."

अश्लेषाच्या हातातली चकली तोंडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"कशाची झील?"

"रानोबाच्या ओवीची. आमचा धनगरांचा देव आहे तो. आमचे चुलतभाऊ मायाप्पा गायचे. मी मागं."

"किती मोठी ओवी?"

"तीन रात्रींची."

"तीन रात्री!" ती जवळजवळ ओरडलीच. "पुस्तकात बघून?"

भानुदास हसले. "मायाप्पाला सही करता यायची, तेवढंच त्यांचं लिहिणं."

"आता कोण गातं?"

"कोणी नाही. कोरोनात गेले मायाप्पा. त्यांच्याबरोबर ओवीपण गेली."

"आणि तुम्हाला येत नाही?"

"छे छे. मी नुसता री ओढायचो."

हे त्यांनी विनयाने म्हटलं नव्हतं. ते खरोखरच तसं मानत होते. एकोणिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा मायाप्पांच्या मागे उभे राहिले आणि पुढची शेचाळीस वर्षं, कारखान्यात संप असो की ओव्हरटाइम असो, चैत्रातले ते चार दिवस त्यांनी कधी चुकवले नाहीत. मायाप्पा एक हात कानावर ठेवून ओळ टाकायचे, आणि ओळ संपत आली की भानुदास आणि दर वर्षी बदलणारे आणखी दोघे तिचं शेपूट धरून ते उंच वर न्यायचे, म्हणजे तेवढ्यात मायाप्पांना श्वास घेता येई. त्या उचलण्याला झील म्हणतात. लोक बघायचे ते मायाप्पांकडे. फेटा मायाप्पांना, नारळ मायाप्पांना, फोटो काढला तरी त्यात भानुदासांचा अर्धाच कान. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. पण मायाप्पा गेल्यावर गावकऱ्यांनी विचारलं, "भानुदास, तू तरी गाशील का रं?" तेव्हा ते मान खाली घालून बसले. ती जत्रा ओवीशिवाय झाली. पुढच्या चारही तशाच. दर चैत्रात ते गावाला जात, देवाला नमस्कार करत आणि कुणाच्या नजरेला नजर न देता परत येत. आपल्या डोळ्यांदेखत ओवी बुडाली आणि आपण काठावर उभे होतो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. बोलले मात्र ते कुणापाशी नाहीत.

अश्लेषाचा अभ्यास नेमका हाच होता. लिहिणं नव्हतं किंवा होतं पण गायकांना ते लागत नव्हतं, अशा जुन्या काळी माणसं हजारो ओळी पोटात कशा सांभाळायची? तिच्या बाई, ओनोदेरा-सेन्सेई, यांनी उभा जन्म त्यातच घातला होता. जपानच्या या उत्तर भागात पूर्वी अंध गायक बिवा नावाचं तंतुवाद्य घेऊन गावोगाव फिरत आणि लढायांची मोठमोठी काव्यं गात. तसल्या एका म्हाताऱ्या गायकाच्या पायाशी बसून सेन्सेईंनी तरुणपणी ऐकलं होतं. आता त्या सत्तरीला आल्या होत्या.

दोन आठवड्यांत भानुदास विद्यापीठातल्या एका लहान खोलीत बसले होते. भिंतींना भोकं भोकं असलेल्या फळ्या, समोर मायक्रोफोन, बाहेरचा एकही आवाज आत येत नाही. सून दीप्ती बसमधून त्यांना घेऊन आली होती. ओनोदेरा-सेन्सेई कमरेत वाकून म्हणाल्या, आणि अश्लेषाने मराठीत सांगितलं, "सावकाश गा म्हणतायत. त्यांना काही घाई नाही."

भानुदासांनी घसा साफ केला. डोळे मिटले. गणपतीचं, धरणीचं, रानोबाचं नमन त्यांनी म्हटलं, कारण नमन सगळे मिळून म्हणतात. बारा ओळी झाल्या. आणि मग काही नाही. त्या बंद खोलीत त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"पुढे, काका?"

"पुढं मायाप्पा गायचे."

त्यांनी पुन्हा नमनापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच बाराव्या ओळीवर भिंत. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम आला. सेन्सेईंनी स्वतः उठून हिरवा चहा करून दिला, तो त्यांनी कडू औषधासारखा प्यायला. निघताना सेन्सेई पुन्हा वाकल्या, आणि भानुदासांना वाटलं की या बाईला एवढं वाकायला लावून आपण तिला रिकाम्या हाताने ठेवून निघालोय.

घरी आल्यावर सारंग म्हणाला, "बाबा, कशाला टेन्शन घेता? तुम्ही कोरसमध्ये होतात. लीड सिंगर वेगळा. कोरसवाल्याला पूर्ण गाणं येतं का कधी?"

"तेच म्हणतोय मी," भानुदास म्हणाले. "त्या पोरीला सांगून टाक. उगाच माझ्या नादी लागली."

दीप्ती ताटं मांडता मांडता ऐकत होती. ती पुण्याची, शहरात वाढलेली. सेंदाईला नवऱ्याबरोबर आली तेव्हा दोन वर्षं कोनबिनीत, म्हणजे त्या अष्टौप्रहर उघड्या असणाऱ्या दुकानात, तिने अर्धवेळ काम केलं, लोकांचे डबे गरम करून देत जपानी शिकली आणि आता एका ऑफिसात लागली होती. कामावरून आली की सासऱ्यांची विचारपूस करायची, पण फाजील काळजी दाखवायची नाही, हा तिचा स्वभाव. लग्न झालं त्या वर्षी ती जत्रेला गेली होती आणि नव्या साडीत ढोलाच्या अगदी जवळ बसून तिने पहिली रात्र पूर्ण ऐकली होती. त्यातल्या चार-दोन ओळी तिच्या कानात राहिल्या होत्या.

पुढच्या शनिवारी सकाळी ती भाकरी थापत होती. पीठ भानुदासांनीच पिशवीतून आणलेलं. थापता थापता ती सहज गुणगुणली,

"सातशे शेळ्या पाजल्या, रानोबा निघाला पावसात..."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "दुस्काळात."

"काय म्हणालात, बाबा?"

"अगं, पावसात कसा निघंल? पाऊस असता तर त्यानं गाव कशाला सोडलं असतं? 'चालला दुस्काळात.' आणि शेळ्या न्हाईत त्या. 'सातशे मेंढी वळली.'" भानुदास चिडले की पिंपरीची छत्तीस वर्षं बाजूला सारून त्यांच्या जिभेवर गावाकडची बोली यायची. आता तशीच आली होती.

"सातशे मेंढी वळली, रानोबा चालला दुस्काळात," दीप्ती म्हणाली. "असं?"

"हां. 'काळं कुत्रं म्होरं, मागं धुरळा आभाळात. खांद्यावर घोंगडी, काठी येळूची हातात.'" एवढं म्हणून ते वर्तमानपत्र चाळायला लागले. सारंगने फोनवर लावून दिलेलं मराठी वर्तमानपत्र ते बोटाने सरकवत वाचायचे.

दीप्तीच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. सासऱ्यांना आपण आत्ता काय केलं याचा पत्ताच नव्हता. आणि तिने आणखी एक गोष्ट हेरली होती. त्यांनी आधी शेवटचा शब्द सांगितला, मग ओळीची सुरुवात. सरळ नाही, शेवटाकडून.

ती हात पुसत पुसत बाहेर आली आणि अगदी साळसूदपणे तिने चाल धरली.

"रानोबा आला कोनबिनीत, दुधाची पिशवी हातात..."

भानुदासांनी फोन खाली ठेवला. "काय चाललंय तुझं?"

"मेंढरं उभी रांगेत, बसची वाट बघत..."

"दीप्ती!"

"का? चुकलं का?"

"चुकलं? मेंढरं कधी रांगंत उभी राहत्यात का? जपानी मेंढरं हाईत व्हय ती? 'शिरली पाटलाच्या उसात!' दुस्काळात तेवढा एकच मळा हिरवा, मेंढरं थांबतील? 'कुंपण मोडून मेंढरं शिरली पाटलाच्या उसात. पाटील आला धावत, कोयता उगारल्या हातात. रानोबा म्हणला पाटलाला...'"

ते उभे राहिले होते. एक हात आपोआप कानावर गेला होता. दीप्तीने जिथे जिथे ते अडले तिथे तिथे मनाला येईल ती चुकीची ओळ टाकली. पाटलाला तिने रानोबाशी जपानीत बोलायला लावलं, पाटलाच्या बायकोला तिने मंगळवारचा प्लास्टिकचा कचरा बाहेर ठेवायला लावलं, आणि दर वेळी भानुदास "अगं ए, काय तरीच!" असं ओरडून खरी ओळ तिच्या तोंडावर फेकत राहिले. सारंग आंघोळीहून आला तो दारातच थांबला. पाऊण तास हे चाललं. दीप्तीचा फोन ओट्यावर रेकॉर्ड करत होता.

सोमवारी अश्लेषाने ते ऐकलं, आणि संध्याकाळी ती सेन्सेईंनाच घेऊन घरी आली. सेन्सेईंनी बूट काढले, चहा घेतला, आणि एकच प्रश्न विचारला, "झील धरताना तुम्ही काय करत होता, ते मला सांगाल का? मला खरंच माहीत नाही."

इतक्या वर्षांत भानुदासांना हे कुणी विचारलं नव्हतं. मायाप्पांना लोक विचारायचे, एवढं ध्यानात कसं राहतं? मागच्या माणसाला काय विचारायचं?

"काही नाही," ते म्हणाले. "ओळ संपते तिथं जाऊन उभं राहायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे..." त्यांनी हातांनी दाखवायचा प्रयत्न केला. "मायाप्पा ओळीच्या सुरुवातीला असतात तेव्हा मी तिच्या टोकाला पोचलेला पाहिजे. ते आले की दोघांनी मिळून शब्द उचलायचा. मी मागून पळत गेलो तर उशीर होतो, झील फाटते. त्यांनी पहिले दोन शब्द टाकले की मला कळायला पाहिजे, ही 'दुस्काळात'ची ओळ की 'आभाळात'ची."

अश्लेषाने हे जपानीत सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज बदलला. सेन्सेईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मग प्रत्येक ओळ तुम्हाला त्यांच्या आधी माहीत होती."

भानुदास गोंधळले. "तसं नव्हे. त्यांनी टाकली की मला..."

"काका," अश्लेषा म्हणाली, "त्या बरोबर बोलतायत. शेचाळीस वर्षं तुम्ही दर वेळी त्यांच्याआधी ओळीच्या शेवटी पोचत होतात."

सेन्सेई आपल्या गुरूंबद्दल बोलल्या. त्या अंध गायकाच्या जवळ कागद नव्हता, वही नव्हती. ते एक ओळ गात आणि शिष्य तीच ओळ परत देत, बोटं तारांवर आणि कान गुरूच्या श्वासाकडे. भारतात वेद शिकवतानाही तसंच, गुरूने एकदा म्हटलेलं शिष्याने दोनदा म्हणायचं, हे त्या ऐकून होत्या. ग्रीसमध्ये, मध्य आशियातल्या गवताळ रानांत, जिथे जिथे म्हणून मोठी काव्यं पाठ होती तिथे पुढे उभ्या राहिलेल्या गायकाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. "मागे उभ्या राहणाऱ्याला आम्ही कोणी मायक्रोफोन दिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि दिला तेव्हा मी तुम्हाला एकट्याला बंद खोलीत बसवलं. चूक माझी होती." आणि त्या वाकल्या.

या वेळी भानुदासही वाकले. जरा जास्तच वाकले आणि टीपॉयला त्यांचं कपाळ लागलं.

त्यानंतर दर शनिवार-रविवार, आणि दीप्तीला लवकर सुटता आलं तर मधल्या वारीही, घरात ओवी चालली. खोली तीच, हीटर लावलेला, टेबलावर रेकॉर्डर. दीप्ती पुढे उभी राहून चुकीच्या ओळी टाकायची आणि भानुदास मागून खऱ्या ओळी ओढून काढायचे. सुरुवातीला ती मुद्दाम चुकायची. पुढे पुढे तिला खऱ्याच ओळी सुचायला लागल्या आणि मग भानुदासांनाच करमेना.

"आज चुकत का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत, आता चुकू कशी?"

"थोडी चूक की. मला जोर येत नाही."

रानोबाने पाटलाशी पैज मारली, डोंगर ओलांडला, लांडग्यांशी लढला, वाटेत एका विधवेच्या अंगणात तीन दिवस राहून तिची विहीर खणून दिली. अश्लेषा ऐकून लिहून घेत होती. डिसेंबरच्या मध्यावर तिने आकडा सांगितला. चार हजार दोनशेच्या वर ओळी झाल्या होत्या आणि दुसरी रात्र नुकतीच संपली होती.

सारंग आधी लांबूनच बघायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर काय, याची त्याला धास्ती. एकदा जेवताना तो एकदम म्हणाला, "बाबा, मी ऑफिसात सांगितलं तुमच्याबद्दल. आमचा टीमलीड तानाका-सान विचारत होता, एवढा डेटा राहिला कुठे? मी म्हटलं, मेन सर्व्हर कोरोनात गेला. बॅकअप सेंदाईत निघाला, आणि आम्ही इतकी वर्षं त्याला कोरस म्हणत होतो."

भानुदासांना त्यातलं निम्मंच कळलं. पण मुलाचा आवाज कळला. ते ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "दीप्ती, अजून एक भाकरी वाढ."

व्हिसा तीन महिन्यांचा होता. आठ जानेवारीचं विमान. नवीन वर्षाच्या सुट्टीत, बाहेर बर्फ पडत असताना, त्यांनी तिसरी रात्र संपत आणली आणि तिथे सगळं अडलं.

ओवीचा शेवटचा भाग म्हणजे रानोबा भुईत जातो तो. कळप कृष्णेवर पोचतो, सातशे मेंढ्या पाणी पितात, मोजताना एक कमी भरते. रानोबा तहानेलाच मागे फिरतो, तिला शोधत सात कोस जातो, आणि जिथे ती सापडते तिथे काठी रोवून तो जमिनीत उतरतो. हा भाग मायाप्पा एकटे गायचे. त्याला झील नव्हती. गावात समजूत अशी की तेव्हा मागून सूर आला तर देव वळून बघतो आणि भुईत जात नाही. म्हणून झीलकरी तोंड मिटून, मान खाली घालून उभे राहत. भानुदास तसेच उभे राहिले होते, शेचाळीस वर्षं.

दीप्तीने प्रयत्न केला. "रानोबा वळला मागं, पाण्याचा तांब्या हातात..."

"असंल," भानुदास म्हणाले.

"रानोबा बसला बसमध्ये?"

"नको, दीप्ती."

त्यांना राग आला नाही. तिची ओळ चूक की बरोबर, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. टोकच नव्हतं, तर ओढणार काय? दोन दिवस ते त्या एका जागी बसून राहिले. शेवट नसलेली ओवी घेऊन गावाला काय तोंड दाखवू, असं ते एकदा बोलून गेले. देवाला तीन रात्री चालवत आणून नदीकाठी तहानेला उभा करून ठेवायचा?

पाच जानेवारीला विद्यापीठ उघडलं. सेन्सेईंच्या खोलीत, पुस्तकांच्या ढिगांत जागा करून सगळे बसले. भानुदासांनी जे होतं ते खरं सांगितलं. "हा भाग माझ्याकडं नाही. मायाप्पाचा होता, त्यांच्याबरोबर गेला. तुमच्या कागदावर तसं लिहा."

सेन्सेईंनी मान हलवली. मग विचारलं, "तो भाग मायाप्पा-सान दर वर्षी तसाच गायचे?"

"तसाच म्हणजे..." भानुदास थांबले. "नाही. बाहत्तरच्या दुष्काळानंतर गायला तो लांब होता. पाण्याचंच सगळं. सूर्य उगवेपर्यंत चालला. त्यांचा थोरला मुलगा गेला त्या वर्षी मेंढी नव्हती, कोकरू होतं. फार थोडं गायले. माझी मुलगी... म्हणजे सारंगच्या आधी आम्हाला एक झाली होती, राहिली नाही. त्या चैत्रात रानोबा शोधायला निघताना मागं वळून घोंगडी बायकोला देऊन गेला. ते त्यांनी माझ्यासाठी घातलं होतं. नंतर परत कधी नाही."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "झील धरायला ओळ आधी माहीत असावी लागते. ती ओळ आधी मलाच काय, त्यांनासुद्धा माहीत नसायची. म्हणून झील नाही त्याला."

"देव वळून बघतो म्हणून नाही?" अश्लेषाने विचारलं.

"तेही असंल की. पण मायाप्पा तो भाग पाठ करत नव्हते. गायकानं तो स्वतः करायचा असतो." त्यांनी दीप्तीकडे पाहिलं. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी. मी विचारलंच नाही ना."

"मग आता गायक कोण, बाबा?" दीप्ती म्हणाली.

भानुदासांनी मफलर काढून खुर्चीवर ठेवला आणि उठून उभे राहिले. बंद खोली नको म्हणाले, इथंच बरं. अश्लेषाने घाईघाईने रेकॉर्डर लावला. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, एक हात कानावर, आणि मागे कुणी नव्हतं.

सुरुवातीला आवाज बारीक होता.

"सातशे पाण्याला लागली, एक कमी ती मोजणीत,
तहान ठेवली काठाला, देव वळला उन्हात.
गाव न्हाई वळखीचं, बोली न्हाई कानात,
पांढरी पडली भुई सारी, कापूस जणू शेतात..."

रानोबा त्या वर्षी बर्फातून चालत गेला. माणदेशातल्या कुठल्याही जत्रेत रानोबाच्या पायाखाली बर्फ आलं नव्हतं. भानुदासांना ते गाताना कळलं आणि ते क्षणभर अडखळले, पण मागे फिरले नाहीत. मेंढी थंडीत एका परक्या दारात उभी सापडली. दार उघडणाऱ्या बाईची भाषा देवाला येत नव्हती. ती नुसती कमरेत वाकली, आणि देवही वाकला. मग त्याने काठी रोवली. त्यांचा आवाज आता मोकळा झाला होता. श्वास घ्यायला मागे झील नव्हती, म्हणून ते ओळीओळीला थांबत होते, आणि त्या थांबण्यालाही एक चाल आली होती. पावणेदोनशे ओळी झाल्या. शेवटच्या ओळीला रानोबा भुईत गेला.

दीप्तीने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं. तिच्या मनात झील उचलायचं आलं होतं आणि तिने ती अडवून धरली होती.

भानुदास वळले. "झालं," ते म्हणाले. "जमलं का, काय की."

सेन्सेईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या उठल्या, पण या वेळी वाकल्या नाहीत. त्यांनी भानुदासांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यांच्या देशात असं सहसा करत नाहीत, हे अश्लेषाने नंतर सांगितलं.

कामाचा भाग उरला होता. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक कार्ड लावायचं असतं, त्यावर गायकाचं नाव. अश्लेषा पेन घेऊन बसली. "काय लिहू, काका?"

"पहिली रात्र, दुसरी रात्र आणि तिसरीचा नदीपर्यंतचा भाग," भानुदासांनी नीट विचार करून सांगितलं, "गायक मायाप्पा. झील भानुदास. आणि दीप्तीचं नाव घाल."

"दीप्ती कोण म्हणून लिहू?"

"पुढं उभी राहून चुकणारी."

"बाबा!" दीप्ती म्हणाली, पण ती हसत होती.

"आणि शेवटचा भाग?"

भानुदास थोडे घुटमळले. मग ताठ बसले. "गायक भानुदास," ते म्हणाले. "झील नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी गावाला फोन लावला. इथे सहा वाजले होते, तिथे दुपारचे अडीच. फोन मायाप्पांचा धाकटा मुलगा बिरू याने उचलला. जत्रेचं सगळं आता तोच बघायचा.

"बिरू, चैत्रात ओवी होणार. तीनही रात्री. कमिटीला सांग."

"ओवी? कोण गाणार, आबा?"

"मी."

सारंग आणि दीप्ती जेवणाच्या टेबलापाशी श्वास रोखून उभे होते.

"आबा, तुमी तर झीलकरी..."

"झीलकरीच आहे मी," भानुदास म्हणाले. त्यांच्या आवाजात आज खाली मान नव्हती. "म्हणून तर विचारतोय. माझ्या मागं कोण उभं राहतंय?"

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा फोनवरून ऐकू येत होत्या.

"ढोल मढवायला टाकतो मग आजच," तो म्हणाला. "चामडं पार गेलंय त्याचं."